पत्र्यावर दगड ठेवून वारा थांबत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वळवाचा पहिला तडाखा बसला की दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर फोटो ठरलेला असतो: उसाच्या फडात जाऊन पडलेला पत्रा, उघड्या पडलेल्या भिंती आणि खाली ‘वाऱ्याने छप्पर उडाले’ ही ओळ. छप्पर कुठल्या सांध्यातून सुटले, ते बातमीत कधी येत नाही. सगळे वाऱ्याच्या माथी मारून पत्र्याखालचा आडवा पाइप त्याच जाडीचा, त्याच अंतरावर पुन्हा बसवला जातो आणि वरून खबरदारी म्हणून चार दगड जास्त ठेवले जातात.

त्या दगडांचा हिशेब एकदा करू या. ताशी १०० किलोमीटरचा झोत चौरस मीटरला सुमारे ४७ किलोचे बळ लावतो. दहा फुटी, साडेतीन फूट रुंद पत्रा म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. पत्र्याचे वजन १५ किलोच्या आसपास आणि त्याला वर ओढणारे बळ दीडशे किलो. दहा-दहा किलोचे चार दगड या भांडणात कुठे बसतात? पत्रा उचलला की तेच दगड घरात पडतात, आणि एरवी वर्षभर पत्र्याचा लेप खरवडून गंज आणतात. कमी उताराच्या छपरावर वारा पत्रा खाली दाबत नाही, वर शोषतो. वळचण, चांदईची (त्रिकोणी भिंतीवरची) कड आणि कोपरे इथे हे शोषण मधल्या भागाच्या दीडपट-दुप्पट असते. शिवाय वेग दुप्पट झाला की बळ चौपट होते. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक, आयएस ८७५ भाग ३ (२०१५), पुणे आणि पणजी या दोन्हींसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरते. आपले कोल्हापूर त्या दोन्हींच्या मधे आहे. ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा साऱ्यांचे लक्ष समुद्राकडे होते, पण घाटावरची छपरे उडवतो तो वळीव. गडगडाटी ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरते, तोच हा वारा. ढग असेल तिकडून तो सुटतो, त्यामुळे ‘आमचे घर पश्चिमेकडून झाकलेले आहे’ या भरवशाला अर्थ नाही.

उडालेल्या शेडखाली उभे राहिले की कारण वाचता येते. स्क्रू पाइपवर जागच्या जागी आणि वॉशरखाली रुपयाएवढा पत्र्याचा तुकडा उरला असेल, तर पत्रा पातळ होता किंवा स्क्रू कमी होते. फडफडून भोकाभोवती चीर गेली आणि पत्रा फाटून निघाला. स्क्रू पत्र्याबरोबर गेले आणि पाइपला नुसती भोके राहिली, तर पाइप पातळ होता, स्क्रूच्या आट्यांना धरायला लोखंडच नव्हते. पाइपसकट गेले तर भिंतीने सोडले. खांबासकट गेले तर पायाने.

पहिल्या दोन दोषांचा उपाय स्वस्त आहे. ०.३५ मिलिमीटरचा पत्रा राहत्या घराला घेऊ नये, ०.५ चा घ्यावा. आडव्या पाइपांमधले अंतर चार फुटांपेक्षा जास्त नको आणि वळचणीजवळचा पहिला गाळा तीन फुटांचाच हवा. एक पाइप वाचवायला पाच-सहा फूट अंतर टाकले की पत्रा मधे झुलतो आणि फडफड तिथूनच सुरू होते. दहा फुटी पत्र्याला सहा-आठ स्क्रू मारून मिस्त्री खाली उतरतात, पंधरा-सोळा हवेत. कडेच्या पाइपवर दर उंचवट्याजवळ एक, मधल्या पाइपांवर एकाआड एक. पाइपची जाडी दोन मिलिमीटर तरी हवी. स्क्रू आवळताना रबरी वॉशर जेमतेम दबावा. बाहेर फुगला तर उन्हात वर्ष-दोन वर्षांत चिरतो. नालीदार पत्र्याला जे-हूक (J आकाराचा आकडा) घालायचा असेल तर तो ८ मिलिमीटरचा, भोक उंचवट्यावर, आणि वर डांबरी व वाटीचा असे दोन्ही वॉशर. सिमेंटच्या पत्र्याला भोक हुकापेक्षा दोन मिलिमीटर मोठे ठेवावे, नाहीतर उन्हाने फुगताना तिथूनच तडा जातो. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर कोरडे भोक पाडू नये. पाणी मारत, तोंड झाकून काम करावे.

भिंतीचा दोष मात्र महाग पडतो, कारण तो दिसत नाही. आपल्याकडे नऊ इंची भिंतीच्या माथ्यावर पाइप ठेवून त्यावर विटांचे दोन थर चढवायची पद्धत आहे. दहा फुटांची खोली आणि चार फुटांवर पाइप धरला, तर पत्रा-पाइपचे वजन वजा करूनही प्रत्येक टोकाला सुमारे ७० किलोची ओढ येते, कोपऱ्याजवळ याहून बरीच जास्त. वरचे दोन थर चार फूट लांबीभर एकजीव राहिले तरच कसेबसे ऐंशी किलो भरतात. मसाला कमकुवत असेल तर पाइपबरोबर फक्त टोकाजवळच्या आठ-दहा विटा उचलल्या जातात. पत्रा शेतात जातो, विटा झोपलेल्या माणसांवर पडतात.

नवे बांधकाम असेल तर भिंतीच्या माथ्यावर चार इंची काँक्रीटचा पट्टा सलग फिरवावा, त्यातून दर पाइपच्या जागी १० मिलिमीटरची सळई वर काढावी आणि ती पाइपला गुंडाळून वेल्ड करावी. हा पट्टाही खालच्या भिंतीत उभ्या सळयांनी अडकवायला हवा. जुन्या घरात २५ बाय ५ मिलिमीटरची लोखंडी पट्टी पाइपवरून घालून भिंतीच्या दोन्ही अंगांनी अडीच फूट खाली आणावी आणि १० मिलिमीटरचा बोल्ट भिंतीतून आरपार घालून नट आवळावा. मग वाऱ्याला दोन थर नाही, अडीच फूट भिंत उचलावी लागते. नुसते टाके मारून वेल्डिंग झाले, असे म्हणू नये. जिथे वेल्ड केले तिथले जस्त जळते. त्याच दिवशी झिंक प्रायमर लागला नाही तर पहिला गंज तिथेच धरतो.

शहरात याहून फसवा प्रकार गच्चीवरच्या शेडचा. गळती थांबवायला राजारामपुरीपासून फुलेवाडीपर्यंत गच्च्यांवर शेड चढली आहेत. खांबाखाली प्लेट, प्लेटला चार अँकर बोल्ट, सगळे पक्के दिसते. पण गच्चीवर स्लॅबच्या आधी चार-पाच इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, आणि चार इंची बोल्ट त्या कोब्यातच संपतो. स्लॅबला तो शिवतही नाही. वारा उचलतो तेव्हा प्लेट कोब्याचा खपला घेऊन येते. प्रत्येक खांबाजागी कोबा फोडून स्लॅब उघडा करावा, केमिकल अँकरने (भोकात चिकट रसायन भरून) सळया बसवून काँक्रीटचा छोटा कट्टा भरावा, प्लेट त्यावर घ्यावी आणि कट्ट्याभोवती वॉटरप्रूफिंग पुन्हा करून घ्यावे. खांब शक्यतो खालच्या कॉलमवरच यावेत. मिस्त्री बोल्ट मारत असताना ड्रिलमधून पडणारी भुकटी बघावी: लाल असेल तर कोबा, करडी आली तर काँक्रीट.

गोठे आणि गुऱ्हाळांची शेड एका बाजूने उघडी असतात, तिथे वारा आत शिरून खालून रेटतो आणि वरून शोषतो. समोरासमोरच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. खांब फूटभर खड्ड्यात दगड-मुरूम घालून रोवला तर उपटतोच; दीड बाय दीड बाय दोन फूट काँक्रीट भरले की प्रत्येक खांबाला तीनशे किलोचे वजन मिळते. घरातही वारा आत शिरू द्यायचा नाही: वादळ दिसताच वाऱ्याच्या बाजूची दारे, खिडक्या आणि दुकानाचे शटर आधी ओढा. वळचण दीड फुटाच्या पुढे नको, आणि सोप्यापुढची पडवी मुख्य छपराला न जोडता वेगळ्या खांबांवर घ्या, म्हणजे ती गेली तरी घर उघडे पडत नाही.

कौलारू घरांना वजनाचा आधार असतो, पण वळचणीच्या आणि चांदईच्या कडेच्या दोन-दोन ओळी मंगलोरी कौलाच्या मागच्या भोकातून जस्ती तारेने रीपेला बांधायला हव्यात. आढ्यावरची कौले नुसत्या सिमेंटात नको. मसाल्यात चुना असला की तडे कमी जातात.

हे सगळे कधी करायचे, यातच आपली मोठी चूक आहे. शाकारणी आणि डागडुजी आपण मृगाच्या तोंडावर काढतो, कारण डोक्यात गळती असते. वारा त्याआधी, चैत्र-वैशाखातच येऊन गेलेला असतो. पत्र्याचे काम पाडव्याला पुरे झाले पाहिजे. तपासणी सोपी आहे: भर दुपारी खिडक्या बंद करून वर बघा. उजेडाचा ठिपका दिसला की तिथला वॉशर गेला किंवा भोक रुंदावले. त्या भोकात त्याच मापाचा ५.५ मिलिमीटरचा स्क्रू पुन्हा फिरवून उपयोग नाही, ६.३ चा जाड घाला. नाहीतर इंचभर बाजूला नवे भोक पाडून जुने ब्युटाइल टेपने (रबरी चिकटपट्टीने) बुजवा. वर चढाल तर फळी टाकून, पाइपच्या रेषेवरच पाय ठेवून. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरलेली असेल तर टनभर वजनाची, रिकामी असेल तर वीस-तीस किलोची. सुट्टीला गावी जाताना ती भरून आणि बांधून जा.

घराशेजारचे झाड शेंड्यातून तोडू नये. तिथून फुटणारे नवे फोक वरवर चिकटलेले असतात आणि पुढच्या वादळात तेच आधी निखळतात. वाळक्या आणि छपरावर आलेल्या फांद्या तेवढ्या बुंध्याच्या सांध्यापासून काढाव्यात. शहरात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार त्याला महापालिकेची परवानगी लागते.

आणि वारा थांबल्यावर उडालेला पत्रा गोळा करायची घाई नको. तो विजेच्या तारेवर टेकलेला असेल तर पत्राच काय, ओली जमीनही घात करते. आधी १९१२ वर महावितरणला कळवा, लाइन बंद झाल्याची खात्री करा, फोटो काढा, मग हात लावा.

कळावे,
एक बांधकाम अभियंता, कोल्हापूर