वरच्यांचं पाणी

नौपाडा, ठाणे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

संविधान, फौजदारी शिकताना वर्ग जागा असतो आणि करार, टॉर्ट (कराराबाहेर एकाने दुसऱ्याचं केलेलं नुकसान) आलं की डुलक्या, असं म्हणालीस. दोन शेजाऱ्यांच्या पैशाच्या भांडणात कसलं आलंय तत्त्वज्ञान, हेही वर. मग आपल्या छताचं ऐक.

पाऊस थांबला तरी आतल्या खोलीतले थेंब थांबेनात. प्लंबर म्हणाला, वरच्यांचा नहाणी ट्रॅप गेलाय. एका रात्री गिलाव्याचा पोपडा आजीच्या उशीवरच पडला. ती नेमकी पाणी प्यायला उठली होती. वरचे काका महिनाभर ‘बघतो, बघतो’. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, वाद नको, 18,000 रुपये सोसायटीच्या फंडातून देऊन टाकू.

मी नको म्हटलं. आई चिडली. पैसे मिळाल्याशी मतलब, कुणाचे का असेनात! तिचं अगदीच चुकत नाही. न्यूझीलंडमध्ये 1974 पासून अपघातात जखमी झालेल्याला सरकारी योजनेतून भरपाई मिळते, आणि त्या भरपाईसाठी दावा लावायची वाट बंद. कोर्टाच्या पायऱ्या मीही झिजवल्यात, त्यामुळे तो मोह मला कळतो.

पण ॲरिस्टॉटलने एक भेद करून ठेवलाय. मान, पैसा वाटायचा तर कोण किती लायक ते बघा. एकाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर माणूस चांगला की वाईट ते बघूच नका, त्या दोघांतलं बिघडलेलं माप सारखं करा. तुमच्या 1872च्या करार कायद्याचं कलम 73 पुन्हा वाच. करार मोडणाऱ्याला तिथे शिक्षा नाही. त्याच्यामुळे सरळ जे गेलं, ते त्याने भरायचं. फंडातून पैसे आले असते तर काकांच्या ट्रॅपची किंमत तळमजल्यावरच्या पेन्शनवाल्या आजींनीही चुकवली असती. शिवाय दावा लावायचा की सोडून द्यायचा, हे माझ्या हातात होतं. फौजदारीत तो लगाम बहुतेक वेळा सरकारकडे.

नोटीस लिहून घेतली, पाठवली नाही. बिल घेऊन वर गेलो. रविवारी काका पाकीट घेऊन आले, नेमके त्याच पलंगावर टेकले. चहा घेता घेता वर बघितलं. म्हणाले, “हे सगळं माझंच?”

आजीने त्यांना आणखी अर्धा कप ओतला.

तुझे,
बाबा