द्राक्षसंशोधनाला एकच मांडव हवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिंडोरी तालुक्यात माझी साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. २०२५ च्या मे महिन्यात, खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्यांसाठी एप्रिलच्या सुमारास होणारी छाटणी, होऊन महिना-सव्वा महिना झालेला असताना पावसाने जी झड लावली ती उघडलीच नाही. मुंबईत तर २६ मे रोजीच मोसमी पाऊस दाखल झाल्याचे जाहीर झाले. नेमक्या याच दिवसांत काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड धरत असतो आणि त्यासाठी कडक ऊन लागते. ते मिळाले नाही. फळछाटणीनंतर फुटी निघाल्या तेव्हा, जिथे एका वेलीवर तीस-पस्तीस घड मोजायची आमची सवय, तिथे आठ-दहा घड दिसले आणि बाकीच्या फुटींवर घड जिरून नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे ताणे, झालेल्या. खत, औषध, मजुरी यांचा खर्च मात्र एका रुपयानेही कमी झाला नाही.

या नुकसानीच्या भरपाईबद्दल अनेकांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते वाणाबद्दल. हवामान बदलले, पण आमच्या मांडवावरचा वाण मुख्यतः तोच राहिला: थॉमसन सीडलेस आणि त्यातून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन. हे निवड वाण महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी स्वतःच्या बागेत एखादी वेगळी वेल हेरून, तिच्या काड्या वाढवून उभे केले, याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. पण निवडीची धाव मूळ वाणाच्या कुंपणापर्यंतच असते. डावणी या बुरशीजन्य रोगाला बळी पडणे, पाऊस लागला की मणी तडकणे, ढगाळ हवेत घड जिरणे, हे दोष रक्तातच असतील तर ते संकरातूनच घालवावे लागतात, आणि संकर हे शेतकऱ्याने एकट्याने करायचे काम नव्हे.

हे काम करणाऱ्या संस्था आपल्याच राज्यात आहेत. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि तिथे तयार झालेला मांजरी मेडिका हा रसासाठीचा वाण अनेकांना ठाऊक आहे. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने बुरशीजन्य रोगांना सहसा दाद न देणारा एआरआय-५१६ हा संकर वाण दिला. म्हणजे शास्त्रज्ञ झोपलेले नाहीत. तरीही मांजरीचे रोप आणि माझा बांध यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते किलोमीटरमध्ये मोजता येणारे नाही. संकरातून निघालेले रोप फळावर यायलाच दोन-तीन वर्षे जातात. मग निवड, ज्यावर कलम करायचे त्या खुंटाशी जुळणी, वेगवेगळ्या जमिनींत चाचण्या, निर्यातीच्या प्रवासात टिकते का याची परीक्षा, असे करता करता बारा-पंधरा वर्षे सहज निघून जातात. इतकी वर्षे पैसा कोणी लावायचा आणि चाचणी फसली तर ते नुकसान कोणी सोसायचे, या दोन प्रश्नांना आज धनी नाही.

माझाच अनुभव सांगतो. अर्धा एकर जुनी बाग काढून तिथे नव्या वाणाची लागवड करावी म्हणून मी एका बँकेत गेलो. अधिकारी सज्जन होते, पण त्यांच्या तक्त्यात त्या वाणाच्या उत्पन्नाचा आकडाच नव्हता, त्यामुळे कर्ज कोणत्या आधारावर द्यायचे हे त्यांना ठरवता येईना. आकडा मिळवायचा तर कोणी तरी आधी लावायला हवे आणि लावायचे तर कर्ज हवे. या फेऱ्यात शास्त्रज्ञाचा दोष नाही, बँकेचा नाही आणि माझाही नाही. आम्ही तिघे कधी एकत्र बसलोच नाही, एवढेच खरे.

एकत्र बसलो तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ आवरणारे, आम्ही ज्याला सीसीसी म्हणतो ते रसायन, त्याचे अंश सापडल्याने युरोपात आपली द्राक्षे अडकली. ज्या रसायनाची तपासणी आपल्याकडच्या यादीतच नव्हती, त्यापायी कंटेनरच्या कंटेनर गेले आणि कित्येक घरे कर्जात बुडाली. त्यानंतर मात्र अपेडा ही केंद्राची शेतमाल निर्यात संस्था, मांजरीची राष्ट्रीय प्रयोगशाळा, कृषी खाते, निर्यातदार आणि बागायतदार यांनी मिळून अंश तपासणीची यादी आणि शिस्त अशी घट्ट केली की, आज निर्यातीची बाग नोंदवून, काढणीआधी नमुना तपासून मगच माल पेटीत भरणे हा आमच्या अंगवळणी पडलेला रिवाज आहे. हेच सगळे लोक घर जळण्याआधी का बसू शकत नाहीत, हा माझा कळकळीचा प्रश्न आहे.

पैशाचा मार्गही अगदीच अनोळखी नाही. कॅलिफोर्नियात १९६७ साली कायद्याने टेबल ग्रेप कमिशन, म्हणजे खाण्याच्या द्राक्षांसाठीचे मंडळ, स्थापन झाले. बागायतदारांच्या मालावर पेटीमागे आकारणी होते, तिच्यातून संशोधनाला पैसा जातो आणि तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी काढलेले वाण बागांपर्यंत पोहोचतात. नाशिककडे लागलेला क्रिमसन सीडलेस हा तिथल्याच सरकारी संशोधनातून आलेला वाण आहे. आपल्याकडे मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ साली युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतवले, आणि ‘आरा’ मालिकेतले परदेशी वाण परवान्याने आणण्याचे कामही याच कंपनीने केले. शेतकऱ्यांच्या कंपनीवर गुंतवणूकदार विश्वास ठेवतो, हे यातून सिद्ध झाले. पण परवान्याने आणलेल्या वाणासाठी स्वामित्वशुल्क मोजावे लागते आणि तो आपल्या मेमधल्या पावसासाठी घडवलेला नसतो.

केंद्राने २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले. २०२५ च्या जुलैमध्ये संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटींच्या योजनेला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. या रकमांतला काही भाग फळबागांच्या वाणसंशोधनाकडे वळावा यासाठी राज्य सरकारने आग्रह धरायला हवा. मात्र केवळ कर्जाच्या रूपातला पैसा या कामाला पुरणार नाही, कारण पंधरा वर्षांनी फळणाऱ्या कामाला व्याज परवडत नाही.

माझी मागणी नेमकी आहे. निर्यातीच्या पेटीमागे आम्ही बागायतदारांनी ठरावीक वर्गणी द्यावी आणि तेवढीच भर राज्याने घालावी. त्या निधीतून नाशिक, सांगली आणि सोलापूर इथे शेतकऱ्यांच्याच बागांमध्ये दहा-पंधरा गुंठ्यांचे चाचणी प्लॉट उभे राहावेत आणि प्लॉट फसला तर त्याची भरपाई आधीच लिहून दिलेली असावी. त्यांचे उत्पन्नाचे आकडे बँकांना आणि विमा कंपन्यांना दरवर्षी मिळावेत, म्हणजे कर्जाचा तक्ता रिकामा राहणार नाही. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ पासून आहे आणि द्राक्षवेलीच्या नोंदणीकृत वाणाला त्यात १८ वर्षांचे संरक्षण मिळते; त्या चौकटीत खासगी गुंतवणूकदाराला परतावा आणि वर्गणीदार शेतकऱ्याला सवलतीत रोप, असा करार बसवणे अवघड नाही.

बागायतदार, शास्त्रज्ञ, बँका, गुंतवणूकदार आणि सरकार या सर्वांची पहिली बैठक येत्या खरड छाटणीच्या आधी व्हावी, आणि ती मुंबईतल्या सभागृहात न होता बागेत व्हावी. त्यासाठी माझी बाग केव्हाही खुली आहे. घड जिरलेल्या काड्या मी जपून ठेवल्या आहेत.

आपला विश्वासू,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक