भोसरीच्या काकांना जाहीर थँक्यू

काका, नमस्कार. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा घे आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितेय. भोसरीतल्या आपल्या वेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या कंपन्यांना पार्ट बनवून देणाऱ्या कंपनीत, तुमच्या हाताखाली काम केलेले बरेच जण वाचतील आणि हसतील पण, हसू देत.

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी क्वालिटीला लागले तेव्हा रोजचं काम एकच, लाइनवरून जॉब (म्हणजे तयार झालेला पार्ट) येणार, व्हर्निअर नाहीतर बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचा) लावायचा, रिपोर्टवर आकडा लिहायचा, खाली सही, की पुढचा जॉब. पगार म्हणजे रूमचं भाडं आणि मेसचे पैसे गेले की संपला. बरोबरचे सगळे म्हणायचे वर्षभर काढ आणि जंप मार, दोन-तीन हजार जास्त मिळाले तरी सोड. तुम्ही एकटेच म्हणालात, "पगाराचं बघूच, पण तुझं नाव कुठल्या कागदावर येतं ते आधी बघ." मला काही टोटल लागली नव्हती, सही तर मी रोजच करत होते की. मग तुम्ही कपाटातून कंट्रोल प्लॅनची (कुठे काय आणि कसं तपासायचं त्याची) फाइल काढलीत, पीएफएमईए (काम करताना काय काय बिघडू शकतं त्याचा तक्ता) काढलात आणि "प्रिपेअर्ड बाय"च्या रकान्यावर बोट ठेवलंत. तिथे वर्षानुवर्षं तीच दोन नावं. इंटरव्ह्यूला या कागदांबद्दल विचारतात, तू दिवसाला किती जॉब चेक केलेस ते कोणी विचारत नाही, असं म्हणालात आणि जेवायला निघून गेलात.

आणि मग तो बोअर गेजचा किस्सा. ऑपरेटर म्हणायचा जॉब ओके, आम्ही म्हणायचो रिजेक्ट, सेकंड शिफ्टला रोजची कटकट. तुम्ही दोघांचं ऐकून घेतलंत आणि मला १० जॉब आणायला लावलेत, तेही एकसारखे नकोत, साइजच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत पसरलेले हवेत. प्रत्येकाच्या बुडाला मार्करने नंबर, मोजणाऱ्याला दिसता कामा नये. ३ इन्स्पेक्टर, प्रत्येकाने ३-३ वेळा मोजायचं, दर वेळी क्रम बदलून, आणि आधीचा आकडा कोणी बघायचा नाही. एक जण तर रीडिंग माझ्या कानात येऊन सांगायचा, दुसऱ्याने कॉपी करू नये म्हणून! ९० रीडिंग एक्सेलमध्ये भरली तर गेज आर अँड आर, म्हणजे गेज आणि मोजणाऱ्यांमुळेच आकड्यात किती फरक पडतो ते, ३० टक्क्यांच्या वर. १० च्या आत असेल तर उत्तम, १० ते ३० म्हणजे काम किती नाजूक आहे ते बघून चालवून घ्यायचं, ३० च्या वर गेज त्या कामाला नापास, हे तेव्हा डोक्यात बसलं ते कायमचं. गेजचा अ‍ॅन्व्हिल (जॉबला टेकणारं टोक) झिजला होता. भांडत होतो आम्ही माणसं आणि खोटं बोलत होता गेज.

तो रिपोर्ट तुम्ही स्वतःच्या नावावर सहज खपवू शकला असतात, कोणी विचारलं पण नसतं. तुम्ही "प्रिपेअर्ड बाय"मध्ये माझं नाव टाकायला लावलंत आणि कस्टमरच्या रिव्ह्यू मीटिंगला मलाच उभं केलंत. आपल्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

एट-डी, म्हणजे कस्टमरच्या तक्रारीवर आठ पायऱ्यांत द्यायचा रिपोर्ट, लिहायला पण तुम्हीच शिकवलंत. माझं इंग्लिश जेमतेम, तर म्हणालात आधी मराठीत लिही, काय झालं ते तुलाच नीट कळू दे, इंग्लिश मग करू. फाइव्ह व्हायच्या (पाच वेळा "का?" विचारून मूळ कारण शोधायचं) शेवटी "ऑपरेटरचं दुर्लक्ष" लिहिलेला एकही कागद तुम्ही पुढे जाऊ दिला नाहीत, लाल पेनने काट. "माणूस चुकला हे उत्तर नाही, त्याला चुकता का आलं ते लिही." जॉब फिक्स्चरमध्ये (जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीत) उलटा बसत होता, एक पिन वाढवली, उलटा बसायचाच बंद झाला. पोका-योकेवर, म्हणजे चूक होऊच न देणाऱ्या अशा सोयींवर, नंतर मोठमोठी ट्रेनिंग केली पण खरं सांगते, त्या पिनेपेक्षा जास्त काही कळलं नाही.

चाकणची ऑफर आली तेव्हा मी सीटीसीचा (कंपनीचा माझ्यावरचा एकूण वर्षाचा खर्च) आकडा बघून हवेत होते. तुम्ही लेटर हातात घेतलंत आणि कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, सगळं बाजूला काढून हातात काय पडणार ते पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलंत. पीएफ काढू नकोस, ट्रान्सफर कर, सगळी मिळून ५ वर्षं सर्व्हिस व्हायच्या आत काढलास तर टॅक्स लागतो आणि पेन्शनला १० वर्षं जुळावी लागतात, हे पण तुम्हीच सांगितलंत. माझ्या बरोबरच्या कितीतरी जणांनी दर नोकरीला पीएफ काढून मोबाइल आणि गाड्या घेतल्या, आता हळहळतात.

एक सल्ला मात्र मी मानला नाही हां. सप्लायर क्वालिटीला (वेंडरकडे जाऊन त्यांची क्वालिटी बघायचं काम) जाऊ नकोस, सारखी फिरती असते, असं म्हणाला होतात. मी गेलेच. आज वाळूज, उद्या सातपूर, परवा शिरोली, बॅग कायम भरलेली. पण काका, दहा वेंडरकडे दहा तऱ्हेने होणारं काम बघून जे कळतं ना, ते एका जागी बसून नसतं कळलं. याबाबतीत तुमचं चुकलंच. आता वेंडरचा पीपॅप (नवीन पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) माझ्याकडे येतो, लेव्हल ३ म्हणजे सगळे कागद जोडलेला असला की फाइल ही एवढी जाड, आणि मी आधी एमएसएचं, म्हणजे त्या गेज आर अँड आरसारख्या मोजमापाच्या तपासणीचं, पान उघडते. तिथे आकडे फारच गोड असतील तर ९० रीडिंग खरंच घेतली का विचारते. चेहऱ्यावरून लगेच कळतं.

पुढच्या महिन्यात गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीचं ऑडिट आहे. तुमचं गाव तिथून जवळच ना? संध्याकाळी येईन म्हणते. काकूंना आधीच सांगून ठेवा, मी नुसत्या चहावर जाणार नाहीये.