प्लाकाच्या किनाऱ्यावर भीमपलास

प्रिय सुमे,

शेखर गायला. आधी एवढंच वाच, मग पुढचं.

ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर, प्लाकाच्या किनाऱ्यावर, दुपारी चारच्या सुमाराला. भीमपलास. मी झाडाखाली डोळे मिटून पडले होते, त्याला वाटलं मला झोप लागली. तिथे मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा असतो. जुलै-ऑगस्टात नुसती वाळू उडवतो म्हणे, सप्टेंबरात जरा नरमतो. तो पडला की सूर कानावर यायचे, उठला की जायचे. बंदिश नव्हती, नुसती आलापी. पण कोमल निषाद तस्साच लागला गं, अण्णांसमोर लागायचा तसा. मी हललेसुद्धा नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच: बोलू की नको? तू म्हणशील, बोल. तू कायमच म्हणत आलीस की गाणं का सोडलं ते त्याला खोदून विचारायला हवं होतं. मुक्ताच्या लग्नात त्यावरून भर पंगतीत आपली जुंपली आणि तू जिलबी तशीच टाकून उठलीस! माझं मत आजही तेच आहे. त्या दिवशी तो अण्णांच्या घरातून बाहेर पडला तेव्हाचं त्याचं तोंड मी पाहिलंय, तू नाही. पण आता गाणं आपणहून आलंय. मी गप्प राहिले तर ते तिथेच राहील का? आणि विचारलं तर पुन्हा मिटून घेईल का?

एका संध्याकाळी पोर्तारापाशी बसलो होतो. इ.स.पू. ५३०च्या सुमारास तिथे देऊळ बांधायला घेतलं होतं, बहुधा अपोलोचं. ते पुरं झालंच नाही, संगमरवरी दाराची चौकट तेवढी उभी आहे. अपोलो संगीताचाही देव ना, असं मी मुद्दाम म्हटलं. ‘हो,’ म्हणाला, आणि एवढाले दगड वर कसे चढवले असतील ते मला समजावत बसला. मात्र बंधाऱ्यावरून गावाकडे परतताना गुणगुणत होता. मला ऐकू येईल इतपत. ते माझ्यासाठी होतं का गं?

बाकी आम्ही काही म्हणजे काही केलं नाही. पोहायचं, लोळायचं, खायचं. नॅक्सोसचा बटाटा ग्रीसभर नावाजलेला. तिथलंच ग्राविएरा चीज किसून घातलेले तळलेले काप शेखर रोज मागवायचा. शेवटी वेटर न विचारताच बशी आणून ठेवायला लागला. तुझ्या आईनं आधी विचारलं असतं, उपासाला चालतात का?

त्याची शुगर ठीक, माझा गुडघा तसाच. तुझ्या बदलीचं काय झालं? अमेयचा निकाल लागला का? कळव.

आता मुख्य काम. तानपुरा तुझ्या माळ्यावरच आहे ना? उतरवून बघ, भोपळ्याला चीर गेली नसली म्हणजे मिळवली. तारा बदलाव्या लागतील, जवारीही करून घ्यावी लागेल. सांगलीहून मिरज ती काय लांब, नेऊन टाकशील? पैसे मी पाठवते. दिवाळीला येऊ तेव्हा म्युनिकला घेऊन येईन, विमानाचं बघू काय ते. घरात कोपऱ्यात नुसता ठेवायचा, बोलायचं काहीच नाही, असं मनात आहे. पटत असेल तर सांग, पटत नसेल तर भांड. फक्त फोन करू नकोस, तो जवळच असतो. लिही.

तुझी,
नलू