वाळवंटातल्या रात्री तापत आहेत

मा. संपादक,

तापमानवाढीच्या बातम्यांत हिमनद्या येतात, प्रवाळ येतात, बुडणारी बेटे येतात. वाळवंट मात्र क्वचितच येते. ‘तिथल्या झाडांना उन्हाचे काय, ती उन्हातच वाढलेली’ असा समज त्यामागे असावा. हा समज चुकीचा आहे. ही झाडे काटक आहेत हे खरे, पण ती सहनशक्तीच्या टोकाशी आधीच पोहोचलेली आहेत.

अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि मेक्सिकोत पसरलेल्या सोनोरन वाळवंटातला सग्वारो निवडुंग पाहा. दिवसा तो खोडावरची सूक्ष्म छिद्रे घट्ट मिटून ठेवतो. रात्री हवा निवली की ती उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि आम्लाच्या रूपात साठवतो. दुसऱ्या दिवशी छिद्रे बंद ठेवूनच, त्या साठ्यावर तो सूर्यप्रकाशात अन्न तयार करतो. पाणी वाचवण्याची ही सारी व्यवस्था रात्रीच्या गारव्यावर उभी आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात याच वाळवंटातल्या फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांपलीकडे गेला आणि जगभर त्याचे मथळे झाले. त्याच उन्हाळ्यात सलग १६ रात्री तापमान ३२ अंशांच्या खाली उतरलेच नाही, याची चर्चा फारशी झाली नाही. सग्वारोसाठी घातक ठरल्या त्या या रात्री. छिद्रे उघडावीत तर पाणी उडून जाते, मिटून ठेवावीत तर उपासमार, आणि उष्म्यात श्वसन वाढल्याने साठवलेले अन्नही भराभर संपते. तिथल्या वनस्पती उद्यानातल्या सग्वारोंच्या फांद्या गळून पडल्या, काही झाडे उभीच्या उभी कोसळली. शहरातल्या सिमेंट-डांबरामुळे रात्र अधिक तापते, हे मान्य. पण मोकळ्या वाळवंटाचे पुढे काय होऊ शकते, ते इथे आधी दिसले.

शिवाय हे नुकसान लगेच नजरेत भरत नाही. खचलेले झाड महिनोन्‌महिने, कधी काही वर्षेही उभे राहते. नव्या रोपांची स्थिती त्याहून नाजूक. पहिल्या आठ वर्षांत सग्वारोचे रोप जेमतेम तीन-चार सेंटीमीटर वाढते, तेही एखाद्या झाडाझुडपाच्या सावलीत. पहिली फांदी फुटायला पन्नास ते सत्तर वर्षे लागतात. त्यामुळे वर्षानुवर्षे एकही रोप जगले नाही, तरी जुनी उंच झाडे पाहून सारे ठीक आहे असेच वाटत राहते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने रखरखीत प्रदेश उलट हिरवे होत आहेत. उपग्रहांच्या नोंदींत काही ठिकाणी तसे दिसतेही. पण तिथे नेमके काय वाढते आहे, हे तपासायला हवे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या वाळवंटात खुल्या जागेवर जादा कार्बन डायऑक्साइड सोडून प्रयोग झाला. चांगल्या पावसाच्या १९९८ साली तिथे सर्वाधिक उचल घेतली ती बाहेरून आलेल्या ब्रोम गवताने. वाळवंटातली मूळ झुडपे एकमेकांपासून अंतर राखून वाढतात. मधली जमीन मोकळी असल्याने आग पसरत नाही. गवत नेमकी ती मोकळी जागा भरून काढते, उन्हाळ्यात वाळते आणि मग एका ठिणगीचे निमित्त पुरते. मोहावी वाळवंटात ऑगस्ट २०२० मधल्या एकाच वणव्यात सुमारे १३ लाख जोशुआ वृक्ष, म्हणजे तिथली टोकदार पानांची उंच झाडे, जळाल्याचा अंदाज आहे. आगीशी त्यांचे कधीच जमलेले नाही, होरपळलेल्यांपैकी फार थोडे पुन्हा उभे राहतात.

मग ही झाडे थंड जागी का सरकत नाहीत? काही वनस्पती डोंगर चढतात. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरउतारावर तीस वर्षांत प्रमुख वनस्पतींचा पट्टा सरासरी ६५ मीटर वर सरकल्याची नोंद आहे. जोशुआ वृक्षाला तेवढेही सोपे नाही. त्याच्या बिया नेतात उंदीर-खारींसारखे छोटे प्राणी, तेही थोड्याच अंतरापर्यंत. आणि त्याचे परागीभवन फक्त युका पतंग हा छोटा कीटकच करतो. झाड नव्या जागी पोहोचले आणि पतंग मागे राहिला, तर बीच धरणार नाही.

म्हणून आपणास दोन विनंत्या आहेत. उष्णतेच्या लाटेची बातमी देताना किमान तापमानही मथळ्यात घ्यावे, ते आतल्या कोष्टकात राहू नये. आणि ‘वाळवंट हिरवे झाले’ अशी बातमी आली, तर तिथे झुडूप वाढले की गवत, हेही विचारून छापावे.

– एक नियमित वाचक