त्याच मात्रेत निरोगी पेशींचे काय झाले?

मा. संपादक,
स. न.

औषधी वनस्पतीच्या अर्काने एचआयव्ही नष्ट होतो, ही आपल्या पत्रातील बातमी वाचून एका परिचितांचा मला फोन आला. अकरा वर्षे ते नेमाने एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या औषधांच्या गोळ्या घेत आहेत. ‘आता गोळ्या सोडून हा काढा सुरू करू का?’ असे त्यांनी विचारले. अशाच अर्कांच्या तपासणीत प्रयोगशाळेत माझी एकोणीस वर्षे गेली, म्हणून हे पत्र.

आम्ही ९६ खाचांच्या प्लेटमध्ये माणसाच्या पांढऱ्या रक्तपेशी वाढवायचो, त्यांना विषाणूची लागण करायचो, चढत्या मात्रेत अर्क घालायचो आणि काही दिवसांनी विषाणूचे पी-२४ हे प्रथिन मोजायचो. ते घटलेले दिसले की हुरूप यायचा. पण शेजारच्या रांगेत लागण न केलेल्या पेशीही त्याच अर्कात ठेवलेल्या असत आणि पुष्कळदा त्याही मेलेल्या निघत. विषाणू पेशीच्या जिवावर वाढतो. पेशीच मेली तर तो घटणारच. ते काम ब्लीचही करते. म्हणून विषाणू निम्म्यावर आणणारी मात्रा आणि निम्म्या पेशी मारणारी मात्रा, असे दोन्ही आकडे आम्ही शेजारी मांडत असू. त्यांत मोठे अंतर असेल तरच अर्क पुढे जाई. आपल्या बातमीत दुसरा आकडाच नाही.

एका सालीच्या काढ्यापायी आमचे सात महिने गेले. आकडे फार सुरेख होते. मग त्यातले टॅनिन, म्हणजे सालीतले तुरट द्रव्य, काढून पुन्हा तपासले आणि सगळा परिणाम गेला. टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटते, तसे विषाणूच्या प्रथिनांनाही चिकटले होते. त्या दिवशी वहीत मी तारीख आणि ‘टॅनिन’ एवढेच लिहिले.

झाडपाल्यात काही नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. १९८७ मध्ये मलेशियातील सारावाकच्या जंगलातून आणलेल्या कॅलोफायलम या झाडाच्या नमुन्यात एचआयव्हीला रोखणारे कॅलॅनोलाइड-ए हे रसायन सापडले. आणखी माल आणायला माणसे परत गेली, तर ते झाड तोडलेले होते! तरी हे रसायन पुढे माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले. प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवरचे वैदू काविळीवर जे झाड देत, त्या ‘मामाला’ नावाच्या झाडातले प्रोस्ट्रॅटिन हे रसायन गोळ्यांना न सापडता पेशींत दडून बसलेल्या विषाणूला जागे करते, म्हणून संशोधकांना त्याचे मोल वाटते. हे काम चालू राहिलेच पाहिजे. पण आजवर एकाही अर्काने एआरटीची जागा घेतलेली नाही.

गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच पुन्हा वाढतो. गोळ्यांच्या जोडीला काढा घेणेही निर्धोक नाही. सेंट जॉन्स वर्ट या औषधी वनस्पतीमुळे इंडिनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचे रक्तातले प्रमाण निम्म्याहून अधिक घटते, हे २००० मध्येच दिसून आले आहे.

परिचितांना मी रात्रीची गोळी घ्यायला लावली. बातमीचे कात्रण मात्र अजून त्यांच्या पाकिटात आहे. प्रयोग पेशींवर झाला की माणसांवर, आणि त्याच मात्रेत निरोगी पेशींचे काय झाले, हे संशोधकांना विचारून त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ