बूस्ट वाढवण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या टर्बो मोटारींविषयी जे काही छापून येते, त्यातले बरेचसे अश्वशक्तीच्या एका आकड्याभोवती फिरते. गाडीची मूळ ताकद किती होती आणि मालकाने ती किती वाढवली, एवढे सांगून झाले की लेख संपतो. अशी एक गाडी मी गेली 11 वर्षे सांभाळतो आहे. ती 1980 च्या दशकातली, दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाची आणि कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली आहे. मी तिच्यात बरेच बदल केले, त्यांतले काही पुन्हा काढून टाकले, आणि एकदा माझ्याच उतावीळपणामुळे तिचे इंजिन पूर्ण उघडावे लागले. गाडीच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते त्या काळातल्या कोणत्याही टर्बो गाडीला लागू पडते. या गाड्या घेऊन त्यांची ताकद वाढवू पाहणाऱ्या तरुण वाचकांच्या ते उपयोगी पडावे, एवढीच इच्छा आहे.

टर्बोचार्जरची कल्पना बरीच जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये तिचे पेटंट घेतले. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, असे हे तत्त्व आहे. जहाजे, विमाने आणि मालमोटारींमध्ये ते लवकर रुजले, पण सामान्य माणसाच्या मोटारीत यायला त्याला बराच वेळ लागला. 1962 मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो बसवलेली गाडी बाजारात आली. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण वेळेआधी आपोआप पेटून बसणारे ठोके, टाळण्यासाठी तिच्या इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण सोडले जाई आणि त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरायची असे. अनेक मालकांनी ती भरली नाही, तक्रारी वाढत गेल्या आणि पुढे कित्येक गाड्यांमधला टर्बो काढून तिथे साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला. टर्बो गाडीचे आयुष्य मालकाच्या निगेवर किती अवलंबून असते, हे त्या अगदी सुरुवातीच्या गाडीनेच दाखवून दिले होते. त्यानंतर 1973 मध्ये बीएमडब्ल्यू 2002 टर्बो आली, लगोलग पोर्शे 911 टर्बो आली, 1977 मध्ये रेनॉने फॉर्म्युला वनच्या शर्यतीत टर्बो इंजिन उतरवले आणि साबच्या 99 टर्बोने हे तंत्र रोजच्या वापराच्या कुटुंबाच्या गाडीत आणले.

या पिढीच्या इंजिनांचे एक वैशिष्ट्य आजच्या वाचकाच्या चटकन लक्षात येत नाही. आजच्या टर्बो गाडीत संगणक दर क्षणाला हवा, इंधन, तापमान आणि नॉकिंग मोजत असतो आणि काही बिनसले की स्वतःच ताकद कमी करतो. जुन्या गाड्यांपैकी बहुतेकींमध्ये ही राखण नव्हती. नॉकिंग ओळखून बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा जादा दाब, कमी करणारी साबची यंत्रणा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आली खरी, परंतु ती त्या काळी अपवादच होती. बाकीच्यांचा सारा कारभार एक स्प्रिंग, एक पातळ पडदा आणि पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काही रबरी नळ्या यांच्यावर चालतो, आणि त्या नळ्यांना आता चाळीस वर्षे होत आली आहेत.

अशा गाडीचा बूस्ट वाढवणे फार सोपे असते, आणि खरा धोका तिथेच आहे. वेस्टगेट म्हणजे बूस्ट ठरल्यापेक्षा वाढू नये म्हणून एक्झॉस्टचे वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप. तिच्याकडे जाणाऱ्या नळीत एक लहानसा व्हॉल्व्ह बसवून त्यातून थोडा दाब बाहेर सोडला, की वेस्टगेट उशिरा उघडतो आणि टर्बो जास्त हवा भरत राहतो. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मी हे केले आणि 0.7 बारचा बूस्ट 0.95 बारवर नेला (बार हे दाबाचे एकक). काम तासाभरात झाले. गाडी अंगात वारे शिरल्यासारखी पळू लागली आणि पुढचे चार महिने मला आपण योग्य तेच केले असे वाटत राहिले.

मग एका उन्हाळी दुपारी, लांबच्या चढावर, चौथ्या गियरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. तो दोन-तीन सेकंदच टिकला. मी पाय काढला तोवर गाडीचा जोर ओसरला होता आणि आरशात निळा धूर दिसू लागला होता. प्लग काढले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगचे पांढरे चिनीमातीचे टोक मी भिंगाखाली धरले. त्यावर मिठाच्या कणाहूनही बारीक असे चंदेरी ठिपके चिकटलेले होते. ते पिस्टनचे ॲल्युमिनियम होते. इंजिन उघडल्यावर त्या पिस्टनच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधला धातूचा पट्टा अंगठ्याच्या नखाएवढा तुटून गेलेला सापडला.

त्या वेळी मला वाटले होते की दोष वाढवलेल्या बूस्टचा आहे. गॅरेजमधल्या वयस्कर मेकॅनिकनी मात्र नवा पिस्टन बसवण्याआधी दोन दिवस निव्वळ कारण शोधण्यात घालवले, आणि त्या दोन दिवसांत मी जे शिकलो ते नंतरच्या दहा वर्षांत कुठेही शिकलो नाही. इंजेक्टरमधून किती पेट्रोल बाहेर पडते, हे इंधनाचा दाब आणि इनटेकमधल्या हवेचा दाब यांतल्या फरकावर ठरते. म्हणून बूस्ट वाढला की इंधनाचा दाबही तेवढाच वाढावा लागतो, आणि त्यासाठी इंधनाच्या रेग्युलेटरपर्यंत एक बारीक रबरी नळी गेलेली असते. माझ्या गाडीतली ती नळी वरून धडधाकट दिसत होती. मेकॅनिकनी ती काढून बोटांत वाकवली तेव्हा वळणाच्या आतल्या अंगाला केसासारखा तडा उघडला. इंजिन नुसते चालू असताना तो मिटलेला राही आणि जोराचा बूस्ट आला की फाकत असे. असा तडा पूर्ण उघडला तर 0.95 बारच्या बूस्टवर 3 बारच्या जागी जेमतेम 2.05 बारचा फरक उरतो, म्हणजे नेमक्या सगळ्यात गरजेच्या क्षणी पेट्रोल सुमारे 17 टक्क्यांनी कमी पडते आणि नॉकिंग सुरू होते. त्याच्या जोडीला पेट्रोल पंपाकडे जाणारी वायरही गंजलेली होती, बॅटरीवर 13.8 व्होल्ट असताना पंपापर्यंत कसेबसे 11 व्होल्ट पोहोचत होते. मूळ 0.7 बारवर हे दोन्ही दोष कसेतरी खपून जात होते. मी व्हॉल्व्ह फिरवला आणि ती सवड संपवली.

संपादक महोदय, माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे. जुन्या टर्बो गाडीत पहिला बदल करण्याआधी ती कारखान्यातून जशी निघाली होती तशी करून घ्यावी, आणि ती तशी झाली आहे हे मोजून पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे. सगळ्या रबरी नळ्या आणि क्लॅम्प बदलणे, सिलिंडरांचे कॉम्प्रेशन तपासणे, इंजेक्टर स्वच्छ करून प्रत्येकातून सारखे पेट्रोल पडते का ते पाहणे, इग्निशनचे टायमिंग जुळवणे आणि अर्थिंगचे जोड घासून पक्के करणे यांत माझे जवळजवळ वर्ष गेले. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या पाइपांत थोडी हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावले, तेव्हा तीन ठिकाणी बुडबुडे आले. ते तीन जोड नीट केल्यावर मी बूस्ट मूळ 0.7 बारवरच ठेवून गाडी बाहेर काढली, तर ती आधीच्या 0.95 बारपेक्षा लवकर जोर धरत होती. टर्बोने दाबलेली हवा आधी वाटेतच निसटत होती आणि ती भरून काढण्यासाठी मी त्या बिचाऱ्या टर्बोला अधिक राबवत होतो.

उष्णतेविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या गाड्यांचा खरा शत्रू तीच आहे. हवा दाबली की तापते. 20 अंश सेल्सिअसची हवा 0.7 बारपर्यंत दाबली तर जुन्या धाटणीच्या टर्बोतून ती सुमारे 90 अंशांवर बाहेर येते. 1 बारपर्यंत दाबली तर 120 अंशांच्या आसपास. गरम हवा विरळ असते, शिवाय ती नॉकिंगला निमंत्रण देते. म्हणून बूस्ट वाढवून मिळणारा फायदा चांगल्या इंटरकूलरशिवाय, म्हणजे दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणाऱ्या रेडिएटरशिवाय, बराचसा हवेतच विरतो. मी पुढे केलेल्या सगळ्या बदलांमध्ये सर्वाधिक समाधान मोठ्या इंटरकूलरने दिले आणि त्यासाठी बूस्टला हातही लावावा लागला नाही. दुसरी उष्णता टर्बोच्या पोटातली. त्याचा दांडा मिनिटाला 1 लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो धातूला न टेकता ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. जोरात पळवून आणलेली गाडी थांबवून लगेच किल्ली फिरवली तर ऑइलचा प्रवाह थांबतो, तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑइल करपते आणि त्याचा कोळसा होतो. इंजिन उघडले त्याच वेळी टर्बोची ऑइलची नळीही काढली होती. तिच्या आत काळा, खरखरीत थर इतका साचला होता की पलीकडचा उजेड टाचणीच्या डोक्याएवढाच दिसत होता. तेव्हापासून मी शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवतो, थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवतो आणि दर 5,000 किलोमीटरला चांगले सिंथेटिक ऑइल भरतो. नंतर बसवलेल्या टर्बोचा दांडा आजही बोटाने हलवला तर नव्यासारखा घट्ट लागतो.

एक चूक मी त्यानंतरही केली. आकड्याच्या मोहाने मोठा टर्बो बसवला. कागदावर ताकद वाढली, पण इंजिनाच्या मिनिटाला 4,000 फेऱ्यांखाली गाडी निर्जीव वाटू लागली आणि त्यापुढे ती एकदम उसळी मारी. ओल्या रस्त्यावर वळणात अशी उसळी आली की धडकी भरते. दोन वर्षांनी मी मूळ मापाचा टर्बो परत बसवला. तो परत बसवता आला, कारण काढलेला प्रत्येक मूळ भाग मी खोक्यात चिठ्ठी लावून जपून ठेवला होता. या गाड्यांचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत, तेव्हा कापून, वेल्डिंग करून केलेला बदल म्हणजे पुढच्या मालकाच्या हक्कावर घाला आहे असे माझे ठाम मत आहे. ब्रेक, टायर आणि क्लच यांचे काम ताकद वाढवण्याच्या आधी करावे, हे वेगळे सांगायला नको.

आज गाडी 0.8 बारवर चालते. हवा आणि इंधनाचे प्रमाण दाखवणारा गेज डॅशबोर्डवर आहे, आणि पूर्ण जोरात ते प्रमाण 12 च्या वर जाऊ लागले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडू लागले, की मी पाय काढतो. एका वेळी एकच बदल करायचा, त्यानंतर किमान 500 किलोमीटर चालवायचे, प्लग काढून रंग पाहायचा आणि वहीत लिहायचे, हा नेम मी मोडत नाही. त्या वहीची सध्या 140 पाने भरली आहेत. गेल्या वर्षी थंडीत गाडी सुरू व्हायला वेळ लागू लागला, तेव्हा सहा वर्षांपूर्वीची एक नोंद वाचून मला दहा मिनिटांत कळले की बदललेला तापमानाचा सेन्सर पुन्हा गेला आहे.

म्हणून आपणास विनंती आहे की अशा एखाद्या गाडीविषयी मजकूर छापताना अश्वशक्तीच्या आकड्याबरोबर आणखी तीन-चार गोष्टी अवश्य छापाव्यात: बूस्ट मुळात किती होता आणि आता किती आहे, कोणत्या ऑक्टेनचे पेट्रोल वापरले जाते, इंधनपुरवठ्यात काय बदल केला आणि त्या अवस्थेत इंजिन किती किलोमीटर चालले आहे. बदलांची माहिती विमा कंपनीला दिली आहे का आणि धुराची तपासणी गाडी पार करते का, हेही मालकाला विचारावे. माझ्या गाडीविषयी कोणी त्या पहिल्या चार महिन्यांत लिहिले असते तर आकडा देखणा छापला गेला असता, आणि तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन तेव्हाच तुटायच्या बेतात होता.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक